खाली ओढलेला आवाज

पाहुण्याने कॅमेऱ्याचं स्टँड उभं केलं तेव्हा ती रेकॉर्डिंगच्या जुन्या मिक्सरवरची धूळ पुसत होती. नवऱ्याचा जमैकन रेगे ढंगाच्या गाण्यांचा अल्बम तीस वर्षांपूर्वी कुणी फुकटही घेतला नव्हता. आता हा पाहुणा इतक्या लांबून आला होता, आणि तोही फक्त कॅसेटच्या दुसऱ्या बाजूसाठी. त्या बाजूला तीच गाणी ‘डब’ या रेगेतल्याच पद्धतीने नव्याने मिक्स करून घातली होती. गाणाऱ्याचा आवाज खाली ओढलेला, बेस आणि ड्रम पुढे, मध्येच एखादा शब्द घुमत परत येणारा.

ती बाजू तिने केली होती. एकटीने, सातवा महिना चालू असताना. कव्हरवर मात्र सगळीकडे नवऱ्याचं नाव. “घर एक, मग नावं दोन कशाला?” असं तो म्हणाला होता आणि तिने ते गिळलं होतं. आज तरी त्याने खरं सांगावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी सकाळपासून तिने दोनदा केस विंचरले होते.

“सर, या बाजूचं मिक्सिंग कुणाचं?”

नवऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

“माझंच. दुसरं कोण करणार?”

“मग एखादं गाणं करून दाखवा ना. मूळ टेप आहे म्हणालात.”

नवऱ्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

“हल्ली हात कापतात हो. ही करेल, मी सांगतो तसं.”

त्याच हातांनी त्याने सकाळी वस्तऱ्याने गुळगुळीत दाढी केली होती.

“काकू, जरा मागे सरता का? तुम्ही फ्रेममध्ये येताय.”

ती सरली. हात लांब करून तिने टेप सुरू केली.

“बेस वाढव,” नवरा म्हणाला. तो तिने आधीच वाढवला होता.

मग टेपवर त्याचा गाण्याचा आवाज लागला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने त्या आवाजाचं बटण तळापर्यंत ओढलं आणि तिथेच दाबून धरलं. एक शब्दही घुमून परत येऊ दिला नाही. गाणं संपेपर्यंत तिचा नवरा त्या गाण्यात कुठेच नव्हता. तिला फार बरं वाटलं.

टेप थांबली. पाहुण्याचे डोळे भरून आले होते. त्याने नवऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले.

“स्वतःचाच आवाज असा पुसून टाकायचा. हे धाडस फक्त तुमचंच, सर.”

“जमावं लागतं,” नवरा म्हणाला. मग तिच्याकडे न बघताच, “चहा टाकतेस ना?”