देवीच्या गोळ्या

तिसऱ्या माळेला आमच्या दारात चपलांचा एवढा ढीग झाला की बाबांनी गाड्या बाहेर काढून पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या. डोंबिवलीच्या जुन्या गावात, आमच्याच भातशेतीवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर देवी आली होती, आणि तिचा व्हिडिओ एका दिवसात टिटवाळ्यापासून ठाण्यापर्यंत फिरला होता. माईक दगडू भगताच्या हातात होता.

"पोराचा अंग पालटला," तो सांगत होता. "छाती भरली, कातडी लोन्यासारखी मऊ झाली. कोनी केला? डॉक्टरनी? डॉक्टरला साधी सर्दी घालवता येत नाय. आईनी केला. गोली नाय, सुई नाय, आईबिगर कोनी नाय."

बायका डोळे पुसत होत्या. नारळावर नारळ फुटत होते. पाटावर हिरव्या साडीत बसलेली देवी घामानं भिजली होती आणि तिला तिथून पळून जायचं होतं. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण ती देवी मी होते.

खरं काय घडलं ते आधी सांगते. मी सव्वीस वर्षांची, एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. घरात मला मयूर म्हणत, मी स्वतःला निशिगंधा म्हणते. मी ट्रान्स मुलगी आहे, हे घरी सांगायची हिंमत झाली नव्हती. जूनमध्ये मी ठाण्याला, वर्तकनगरच्या डॉक्टर योगिनींकडे गेले. त्यांनी समुपदेशकाची भेट, रक्ताच्या तपासण्या, सगळं रीतसर करून दोन गोळ्या लिहून दिल्या. एक इस्ट्रोजेनची, दुसरी पुरुषी हार्मोन दाबणारी. "दुसरीनं रक्तदाब उतरतो, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं," त्या म्हणाल्या होत्या. "उपाशी राहू नका, पाणी भरपूर प्या." मी मान डोलावली. शिकलेली माणसं डॉक्टरांसमोर मान फार छान डोलावतात.

आणि नवरात्र बसल्यावर आईसोबत मीही कडक उपास धरला. गोळ्या मात्र चुकवल्या नाहीत. दुसऱ्या माळेच्या आरतीला बंद खोलीत धूप, ढोलकी आणि पंचवीस माणसं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग थरथरलं आणि मी कोसळले. वारा लागावा म्हणून आईनं माझ्या शर्टाची बटणं काढली आणि जे दिसलं त्यानं ती किंचाळली. भगत पुढं झाला, त्यानंही पाहिलं, आणि कुणी काही विचारायच्या आत "आई आली" म्हणत माझ्या कपाळावर मळवट भरून मोकळा झाला.

शुद्धीवर आले तेव्हा आईचं डोकं माझ्या पायांवर होतं. तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. का, ते लाज वाटते तरी सांगते. माझे वाढलेले केस बघून बाबांनी दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तेच आता मला "माऊली" म्हणाले. आईनं स्वतःच्या लग्नातली हिरवी साडी नेसवली. हीच साडी गुंडाळली म्हणून सहाव्या वर्षी मी मार खाल्ला होता. आता ती माझ्या अंगावर होती आणि कुणी हसत नव्हतं. माणूस म्हणून जे मागायला मी घाबरत होते ते देवी म्हणून फुकट मिळत होतं.

शिवाय भगतानं मला पकडलं होतं. गोळ्यांचं पाकीट मी पाटाशेजारी, ओटीच्या तांदळांच्या परातीत लपवलं होतं. सकाळी गर्दी यायच्या आधी हात घातला तर मागे हा उभा. तो हसला आणि सदऱ्याच्या खिशातून त्यानं स्वतःचं पाकीट काढून दाखवलं.

"घे गो, घे. मी पन शुगरची घेतो. दुपारी एक, राती एक." मग त्याचं हसणं गेलं. "पन तोंड उघडशील तर बाप उंबऱ्यात उभी नाय करनार. देवी हाय तवर तू हाय."

हे त्याचं एकच वाक्य खरं होतं. मी गोळी तोंडात टाकली.

चौथ्या माळेला पलीकडच्या आळीतली गंगुबाई आली, बरोबर नऊ वर्षांची नात, सान्वी. पोरीला लहानपणापासूनचा मधुमेह, दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई.

"आई, पोरीचे पोटाची चालन झाली गो," गंगुबाई म्हणाली. "सुया सोडव."

भगतानं माझं मनगट धरलं आणि माझ्याच बोटांनी सान्वीच्या कपाळाला अंगारा लावला. "आजपासून सुई बंद." मी तोंड उघडलं. समोर बाबा हात जोडून उभे दिसले. मी तोंड मिटलं.

त्या रात्री आणि पुढच्या दिवशी मी स्वतःची समजूत घालत राहिले की गंगुबाई घरी जाऊन शहाणपणानं सुई देईल. घाबरलेलं डोकं अशा समजुती फार पटकन शोधून काढतं.

सहाव्या माळेला गंगुबाईनं सान्वीला कडेवर उचलून आणलं. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले, श्वास खोल आणि भरभर. तिनं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि तो श्वास माझ्या तोंडावर आला.

वास मी लगेच ओळखला. कारखान्यात तो रोज आठ तास माझ्या नाकात असतो. ॲसिटोन. आम्ही त्यानं रंगाची भांडी धुतो. इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळत सुटतं, रक्तात आम्ल साठतं, आणि त्यासोबत तयार झालेलं ॲसिटोन श्वासातून बाहेर येतं. पोर माझ्या मांडीवर मरत होती, आणि अंगारा लावणारी बोटं माझी होती.

"हिला आत्ता दवाखान्यात न्या," मी म्हणाले.

सगळ्यांचे हात जोडले गेले. देवी बोलली होती. गंगुबाई उठलीसुद्धा. पण भगत माईकमध्ये हसला.

"बघा, आई परीक्षा बघते. कोनाचा इस्वास डलमलतो ता बघते. बस गो गंगुबाय."

आणि गंगुबाई बसली.

तेव्हा मला कळलं की देवीचं कुणी ऐकतच नसतं. देवीच्या बोलण्याचा अर्थ भगत सांगतो, आणि लोक त्या अर्थाला नमस्कार करतात. देवी राहून मी या पोरीला वाचवू शकत नव्हते. मी परातीत हात घातला. पाकीट ओढून काढताना तांदूळ सतरंजीभर सांडले.

"हा तुमचा चमत्कार," मी पाकीट वर धरलं. "हार्मोनच्या गोळ्या आहेत. चार महिने घेतेय, ठाण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिल्यात. छाती यांनी आली, कातडी यांनी मऊ झाली. त्या दिवशी पडले ती उपाशीपोटी रक्तदाब उतरून पडले. बाबा, मी मुलगी आहे. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. घाबरले."

कुणीतरी शिवी हासडली. बाबांकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"हिचे अंगात आता भूत शिरला," भगत म्हणाला.

"त्याच्या खिशात बघा. शुगरच्या गोळ्या आहेत. दुपारी एक, रात्री एक. स्वतः घेतो आणि या पोरीची सुई बंद करतो."

भगताचा हात आपसूक खिशावर गेला. तो हात सगळ्यांनी पाहिला.

तरी गंगुबाई हलेना. तिच्या डोळ्यांत नुसता गोंधळ होता, आणि शरीरशास्त्र शिकवायला वेळ नव्हता.

"आई," मी हाक मारली. "इकडं ये. हिच्या तोंडाचा वास घे."

माझे कारखान्याचे कपडे आई चार वर्षं हातानं धुते. मशीनमध्ये टाकू देत नाही, बाकीच्या कपड्यांना वास लागतो म्हणते. ती आली, सान्वीच्या तोंडाशी वाकली. एकदा वास घेतला, पुन्हा एकदा घेतला.

"तुझे शर्टाचा वास," ती मला म्हणाली. मग वळली. "गंगे, यो रंगाचे कारखान्याचा वास हाय. पोरीचे तोंडात कसा आला? ऊठ पयली."

आणखी दोघीजणी वाकल्या. एक सून म्हणाली, "नेलपेंट काढतात ना, तसा वास येतो."

बाबा पुढे झाले. त्यांनी गाडीची किल्ली घेतली आणि पोरीला माझ्या मांडीवरून उचललं.

सान्वी तीन दिवस आयसीयूत होती. चौथ्या दिवशी सुईवरून नर्सशी भांडली, तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकला. भगताविरुद्ध जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. पहिली सही गंगुबाईची, दुसरी माझी. अंगारा लावणाऱ्या हातांत माझाही हात होता, हे मी जबाबात लिहून दिलं.

आमच्या दारात आता चपला नाहीत. काही लोक रस्ता ओलांडून पलीकडून जातात. बाबा माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण घराबाहेर जा असंही म्हणाले नाहीत. भीती संपलेली नाही, फक्त आता तिला तोंड द्यायला मी माणूस म्हणून उभी आहे.

पुढच्या रक्ततपासणीला आई माझ्यासोबत वर्तकनगरला आली. तिनं डॉक्टरांना विचारलं, "यात देवीचा कायच नाय?"

"नाही काकू," डॉक्टर योगिनी म्हणाल्या. "देवीचं पोटॅशियम दर तीन महिन्यांनी तपासावं लागलं नसतं."

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. ज्या औषधाला नाव आहे, मात्रा आहे, ज्याचे तोटे डॉक्टर आधी सांगतात आणि परिणाम तपासतात, त्याला लाजू नका आणि त्याला चमत्कारही म्हणू नका. तुमची सुई बंद करायला सांगणाऱ्याचा खिसा आधी बघा. आणि घरातलं मूल काही सांगायला भीत असेल तर त्याचं ऐकून घ्या, कारण तुम्ही ऐकलं नाही तर त्याचा अर्थ लावायला कुणीतरी भगत येतोच.

आई आता माझ्या पाया पडत नाही. रोज सकाळी स्वयंपाकघरातून ओरडते, "खाल्लास काय गो? नाय ना? मंग गोलीला हात नको लावू. पयली भाकर खा."

देवीला कुणी असं ओरडत नाही. मी मुकाट्यानं भाकरी खाते.