बंब, कर आणि आमदारांचा हातभार

भोंग्याचा घसा बसलाय, तरी बोलतो. मी नगरपालिकेचा आगीचा बंब. गावात दुसरा नाही, त्यामुळे माझी निंदा आणि स्तुती दोन्ही एकट्यालाच ऐकावी लागते.

नवा होतो तेव्हा माझ्या लाल रंगात बघून लोक भांग पाडत. उद्घाटनाला मी प्रमुख पाहुण्यांना चुकून भिजवलं, तरी टाळ्या झाल्या. आता माझा स्टार्टर मेलाय. उतारावर धक्का दिला की मी खोकतो आणि चालू होतो. म्हणून माझा ड्रायव्हर, ज्याला सगळे मामा म्हणतात, मला उताराकडे तोंड करून उभा करतो.

नवा बंब घ्यायचा तर आमदार म्हणत, "तुम्ही आधी अग्निशमन कर लावा, निम्मा निधी मी राज्याकडून आणतो." नगरसेवक म्हणत, "आधी निधीचं लेखी द्या, मग कर." सहकार्याला दोघेही इतके उतावीळ, की सुरुवात कोणीच करेना.

शेवटी आमदार स्वतः सभेला आले. सभागृह माझ्या शेडच्या वरच. त्यांची गाडी लागली नेमकी माझ्या दारात.

"इथे नको," मामा म्हणाला.

"मामा, आजच कुठे आग लागतेय?" शिपाई हसला.

सभा रंगात आली आणि फोन वाजला. शिंपीकाकूंच्या दुकानाला आग लागली होती. काकू वरच्या मजल्यावर, गुडघे धरलेले, आणि जिना धुराने भरलेला.

मामा धावतच वर गेला. "गाडी काढा! काकू अडकल्यात!"

"किल्ली माझ्या ड्रायव्हरकडे आहे, आणि तो जेवायला गेलाय," आमदार म्हणाले.

नगराध्यक्षाबाईंनी टेबलावरचं पेपरवेट उचललं, खाली आल्या आणि गाडीची काच फोडली. आत हात घालून हँडब्रेक सोडला. शिपायाने गाडी ढकलून बाजूला केली.

मग सगळे माझ्या मागे लागले. सत्ताधारी, विरोधक, शिपाई, खुद्द आमदार. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे खांद्याला खांदा लावून मला रेटत होते. "अहो, जोर लावा, भाषण नाही हे!" बाई ओरडल्या. एकदा खोकलो, विझलो. उताराच्या अगदी टोकाशी इंजिन धडधडलं.

काकूंच्या खिडकीतून धूर येत होता, काकू दिसत नव्हत्या. मामा शिडी लावून आत शिरला. मी पाणी मारत राहिलो. बऱ्याच वेळाने तो काकूंना पाठुंगळी घेऊन उतरला. दुकान मात्र गेलं. मशीन, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं. काकू राखेकडे बघत एवढंच म्हणाल्या, "मामा, जरा लवकर आला असतात तर..."

मामा नळी गुंडाळू लागला. उत्तर खरं म्हणजे माझ्या शेडच्या वर, सभागृहात होतं.

सभा पुन्हा भरली. सगळ्यांच्या हाताला माझी काजळी तशीच. कराचा ठराव मताला आला. "लोकांवर बोजा नको," एक म्हणाले. "निवडणूक तोंडावर आहे," दुसऱ्यांनी खरं सांगितलं. मला ढकलायला जेवढे हात पुढे आले, त्यांतला एकच वर झाला, बाईंचा. ठराव पडला.

त्यानंतर एक ठराव मात्र एकमताने मंजूर झाला: आमदारांच्या गाडीची काच नगरपालिकेच्या खर्चाने बसवावी.

मी पुन्हा शेडमध्ये उभा आहे. नागरिकहो, कर नको असेल तर राहू द्या. फक्त धक्का द्यायला कोण येणार, तेवढं आज ठरवून ठेवा. सभा रोज नसते.