उष्टा चमचा

आजोबांना जाऊन तासही झाला नव्हता. "माझ्याच तळणानं घात केला त्यांचा," म्हणत आजी दवाखान्याच्या बाकावर कपाळ बडवून घेत होती.

डॉक्टर भला माणूस. तिला धीर द्यायला म्हणाला, "नुसत्या तेलाला बोल लावू नका, आजी. हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झाल्याच होत्या. परवाच्या फ्लूनं त्या आणखी सुजल्या असतील. खात्रीनं नाही सांगता येत."

आजीचं रडणंच थांबलं. फ्लू घरात आणला होता नातीनं. तापात ती सूपाला तोंड लावेना, म्हणून आजोबा तिच्याच चमच्यानं आधी स्वतः घोट घेऊन दाखवायचे.

तेवढ्यात नात धावत आली. "आजोबा कशानं गेले गं?"

आजीनं तिला कुशीत ओढलं. "माझ्या मेलीच्या तळणानं, सोन्या. दुसऱ्या कश्शानं नाही."