वाढत्या अंगाचा पतंग

मी एक जुना पतंग आहे, मित्रांनो. पण संक्रांतीला गच्चीवरून उडवता तो कागदाचा, काड्यांचा नव्हे. त्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. माझं अंग चिवट कापडाचं. पुढच्या कडेला मांडीएवढी जाड नळी आहे, पंपानं तिच्यात हवा भरली की मी कमानीसारखा ताठ होतो. माझ्या चार दोऱ्या एका दांडीला बांधलेल्या असतात आणि ती दांडी माणसाच्या कमरपट्ट्याला अडकवलेली असते. माणूस पायाखाली फळी घेतो, मी वर वारा धरतो आणि त्याला पाण्यावरून ओढत नेतो. समुद्रकाठी हा खेळ आता पुष्कळ लोक खेळतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं बायका ओळीनं बसून आमची शिवण घालत. आमच्यात मापं असतात, बरं का. कुणी सहाचा, कुणी आठचा, कुणी बाराचा. जेवढे चौरस मीटर कापड, तेवढं माप. माझं माप चौदा. आम्हा भावंडांत मीच सगळ्यांत थोराड, आणि त्याचा मला ताठाही होता.

माझा पहिला मालक कोकणच्या किनाऱ्यावरचा एक धिप्पाड गडी होता. मंद वाऱ्यातही मी त्याला सरसर ओढून न्यायचो. किनाऱ्यावरचे लोक माना वर करून बघायचे आणि म्हणायचे, काय ताकद आहे याची. ते माझे सुखाचे दिवस होते. मग त्यानं नवा पतंग घेतला आणि मला उमाशंकर नावाच्या जुन्या सामानाच्या दुकानदाराला देऊन टाकलं. दुकान कसलं, पत्र्याची शेडच ती. तिथं मी किती पावसाळे घडी होऊन पडलो कोण जाणे. अंगावर मिठाचा थर आला, पण मला हलवायला कुणी फिरकलं नाही.

अन् एका सकाळी लालमहंमद आणि त्यांची मुलगी नाझनीन शेडमध्ये आले. लालमहंमद म्हणजे नांदेडजवळच्या मुदखेडचे शिंपी. मुलींचे फ्रॉक आणि पंजाबी ड्रेस शिवण्यात त्यांचा हात धरणारा गावात दुसरा नाही. नाझनीन नांदेडच्या तरणतलावावर मुलींना पोहायला शिकवायची. कॉलेजातल्या शिबिरात तिनं हा खेळ पाहिला, हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या एका केंद्रात थोडा शिकली, आणि तिथल्या बाईंनी तिला सांगितलं होतं, ‘उन्हाळाभर स्वतःच्या पतंगावर सराव कर. मृगाच्या आधी येऊन दाखव. नीट जमलं तर शिकवायला इथंच ठेवून घेते.’

घरात यावरून लई दिवस धुसफूस चालली होती. लालमहंमद नाहीच म्हणत होते. शेवटी ते म्हणाले, ‘हाव. पण ह्या उन्हाळ्यापुरतं. जमलं तर जमलं, न्हाई तर परत नाव काढायचं न्हाई.’ आणि नुसते हाव म्हणून थांबले नाहीत, दुकान बंद ठेवून पतंग घ्यायला स्वतः सोबत आले. ही बापलेक घरात दखनी उर्दू बोलतात. पण मुदखेडात राहून मला जी मराठी लागली, तीत मी तुम्हाला सांगतो.

उमाशंकरनं दोन पतंग अंथरले. एक आठचा, लाल, ठिगळ लावलेला. दुसरा मी. भाव दोघांचा सारखाच. नाझनीन सरळ त्या लाल पतंगापाशी बसली. तिनं त्याची नळी दाबून पाहिली, शिवणीवरून बोट फिरवलं. मी मनात म्हटलं, शाबास, पोरीला कळतं. ही एवढीशी काटकुळी मुलगी, हिला आठच शोभतो.

पण लालमहंमद माझं कापड चिमटीत धरून उभे होते.

‘हे बारकं कामून बघायलीस?’ ते म्हणाले. ‘आज शिकशील, उद्या मोठी होशील खेळात. तवा परत नवं घ्यायचं का? वाढत्या अंगाचं घ्यावं माणसानं.’

मित्रांनो, तुमच्याही आईवडिलांनी तुम्हाला असा सैल गणवेश कधी घेतलाच असेल. लालमहंमदांचा तर तो धंद्याचा नियमच होता. कुणाचीही पोर माप द्यायला आली की ते चार बोटं जास्त धरत आणि आत दुमडलेल्या कापडाचा दाब सोडत. दरवर्षी उसवायचं, दरवर्षी पुरवायचं. नाझनीनचे ईदचे सगळे फ्रॉक असेच सैल शिवलेले. ती बाह्या दुमडून हिंडायची आणि दोन वर्षांनी तो फ्रॉक तिला बरोबर बसायचा. त्यात त्यांची माया होती. पण फ्रॉकची बाही दुमडता येते. माझी कशी दुमडणार?

उमाशंकरनं एकदा नाझनीनकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मला वाटलं, आता हा सांगेल. तर तो म्हणाला, ‘तुमच्याकडं वारा कमीच असतो ना? मग मोठाच बरा.’ हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर घात झाला. मंद वाऱ्यात मोठा पतंग चालतो, पण शिकाऊ हातात आणि लहरी वाऱ्यात तो चालत नाही. एवढं वाक्य त्यानं गिळलं, कारण मी त्याच्या शेडमध्ये जागा अडवून पडलो होतो.

नाझनीन उठली. तिचे ओठ हलले. मी जीव टांगून बसलो होतो, बोल बाई, बोल. तिनं अब्बांच्या तोंडाकडं पाहिलं. ते एवढे खूश दिसत होते की काय सांगू. ती म्हणाली, ‘हाव अब्बा, हाच घेऊ.’ आणि मला पिशवीत भरलं. मी पतंग. मला नको म्हणता येत नाही.

मुदखेडात माझं मोठं कौतुक झालं. गल्लीतली पोरं पिशवीला हात लावून जायची. नाझनीनची आई शहजादी, तिनं मला ओल्या फडक्यानं पुसून अंगावरचं मीठ काढलं. गावाबाहेर एक तलाव आहे, त्याच्या काठाला शेषेराव आणि धोंडाबाईंचं शेत. शेत रिकामंच होतं, तिथं मला पसरायची परवानगी मिळाली. आपापली कामं सोडून ती दोघं बांधावर येऊन बसायची. मला पहिल्यांदा ताठ झालेला पाहून धोंडाबाई म्हणाल्या, ‘माय, हे तर आमच्या गोठ्याएवढं हाय.’

मला हवेत सोडायला एक माणूस लागतो. तो माझी कड धरून उभा राहतो, लांबवर दांडी धरलेल्यानं अंगठा वर केला की मला सोडतो. हे काम लालमहंमदांनी घेतलं. रोज दुपारी दुकान अर्धं ओढून ते तलावावर यायचे. कापड कसं धरावं हे त्यांना कुणी शिकवायला नकोच होतं.

एप्रिलभर वारा मंद होता. खरं सांगतो, त्या दिवसांत मी तिला चांगला लागू पडलो. ती आधी पाण्यात लोळली, मग गुडघ्यावर उठली, मग फळीवर उभी राहिली. एक दिवस ती ह्या काठापासून त्या काठापर्यंत गेली आणि वळून परत आली. लालमहंमद शेषेरावांना म्हणाले, ‘बगा, बारका घेतला असता तर जागचा हलला नसता.’ तेही खरंच होतं. पण एक गोष्ट मला खुपायची. कधी तलावावरून एखादी झुळूक जोरात आली की तिचे पाय फळीवरून सुटायचे आणि ती हातभर उचलली जायची. ती हसून पुढं जायची. अब्बा टाळ्या वाजवायचे. मी वरून ओरडत होतो, अरे बाबांनो, हे हसण्यावारी नेऊ नका. पण माझं ओरडणं म्हणजे कापडाचं फडफडणं. ते कोण ऐकतो?

मे संपत आला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तिला किनाऱ्यावर जायचं होतं. शेवटचा सराव म्हणून लालमहंमदांनी त्या दिवशी दुकान पूर्ण बंद ठेवलं. शहजादी आली होती, गल्लीतले दोनचार लोक आले होते. धोंडाबाईंनी सगळ्यांना पुरेल एवढ्या भाकरी आणि ठेचा आणला होता. ऊन रणरणत होतं, आणि तलावापलीकडं वळवाचं आभाळ काळं होऊन उभं राहिलं होतं.

लालमहंमदांनी मला उचललं. त्यांच्या हातात असतानाच मला वाऱ्याचा पहिला दणका लागला. असा वारा मी ओळखतो. तो एका लयीत येत नाही, गप्प बसतो आणि मग एकदम अंगावर येतो. मी त्यांच्या हातात थडथडलो. त्यांनी मला आणखी घट्ट धरलं.

‘आज वारा झकास हाय,’ ते शेषेरावांना म्हणाले.

शेषेराव आभाळाकडं बघून म्हणाले, ‘उस्ताद, जरा थांबावं का? लई भरून यायलंय.’

लालमहंमदांनी नाझनीनकडं पाहिलं. ती पाण्याच्या कडेला दांडी धरून उभी होती. तिनं आभाळ पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग जमलेली माणसं पाहिली, भाकरीचं गाठोडं पाहिलं, आणि मला कवेत धरून उभे असलेले अब्बा पाहिले. मला स्पष्ट दिसत होतं, तिला नको म्हणायचं होतं.

तिनं अंगठा वर केला.

नका सोडू. मित्रांनो, माझ्या उभ्या जन्मात मी दुसरं काही इतकं मागितलं नसेल. त्यांची बोटं माझ्या कडेवर होती, शिंप्याची बोटं, सुईनं टोचून टोचून घट्ट झालेली. ती एकेक करून सुटली. मी वर गेलो. त्यात माझा काय इलाज? वारा भरला की मी वर जातो, मी बनलोच तसा आहे.

ती पाण्यावर जेमतेम चार हात गेली असेल. मग तो दणका आला. मी तिला उचललं. हातभर नव्हे, धोंडाबाईंच्या गोठ्याहूनही उंच. पाण्यावरून काठावर, काठावरून शेताकडं. दांडीपाशी एक लाल मूठ असते, ती ओढली की माझा जोर जातो. तिनं ती ओढली, पण उशिरा. ती बांधावर आदळली. मी बाभळीत जाऊन अडकलो.

काट्यांत लटकलेला मी सगळं बघत होतो. शहजादी धावली, शेषेरावांनी टेम्पो आणला, तिला नांदेडला नेलं. लालमहंमद टेम्पोत चढताना पायातली चप्पल तिथंच विसरले. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही, आणि तेच बरोबर होतं. सकाळी धोंडाबाईंनी मला काट्यांतून सोडवलं आणि लुगड्यासारखी घडी घालून दुकानात पोचवलं.

जीव वाचला. खांद्याचं हाड मोडलं होतं. मृग आला आणि गेला, किनाऱ्यावरच्या बाईंनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. तिचा उन्हाळा संपला.

लालमहंमद कुणाशी बोलेनात. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडले होते. एक दिवस त्यांनी मला टेबलावर पसरलं, खडूनं आखलं आणि कात्री घातली. मला लहान करत होते ते. मधून पट्टा काढायचा, दोन्हीकडून आवळायचं, सैल फ्रॉक आवळतात तसं. टाका इतका बारीक की कारखान्यातल्या बायकांनी तोंडात बोट घातलं असतं. पण मित्रांनो, पतंग असा लहान होत नाही. त्याचा बाक मोडतो, तो कायमचा जातो. मी टेबलावर उलगडून पडलो होतो आणि तो भला माणूस मला अतिशय मायेनं मारत होता.

गळ्यात हात बांधलेली नाझनीन दुकानात आली. बराच वेळ बघत राहिली.

‘अब्बा, हे असं होत न्हाई,’ ती म्हणाली.

‘मग कसं होतंय?’

‘आठचा पायजे होता. तिथंच होता, लाल.’

लालमहंमदांचा हात थांबला. ‘तुला माहीत होतं?’

‘हाव.’

‘अन् तलावावर? त्या दिशीचं वारं?’

‘तेबी कळालं होतं.’

‘मग बोलली कामून न्हाईस, बेटा?’ त्यांचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. ‘मी काय मारलं असतं तुला?’

नाझनीनच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मारलं असतं तर बोलले असते. तुम्ही पहिल्यांदा हाव म्हटलं होतं. तुम्ही खूश होता. त्याच्यात न्हाई कसं म्हणू?’

 ते माझ्यावरच डोकं टेकून बसले. माझं कापड ओलं झालं. ती तिच्या चांगल्या हातानं त्यांची पाठ थोपटत राहिली, आणि पुढच्या उन्हाळ्याचं तिनंही विचारलं नाही, त्यांनीही नाव काढलं नाही. काढतील की नाही, मला माहीत नाही. मी तर तिथून गेलो.

आता मी शेषेरावांच्या शेतात सोयाबीनच्या ढिगावर पांघरलेला असतो. पाऊस अडवतो, अर्धामुर्धा. वारा आला की माझी कड अजून उचलते, आणि शेषेराव तिच्यावर आणखी एक दगड ठेवतात. ठेवू देत.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी कधी पहिला पतंग घ्यायला जाल, किंवा सायकल, किंवा आणखी काही. घरातलं कुणीतरी हौसेनं सोबत येईल आणि मोठ्या मनानं मोठं काहीतरी उचलेल. त्यांच्या मायेवर शंका घेऊ नका. पण पिशवी बांधायच्या आधी, तिथंच उभं राहून सांगा, ‘मला हे मोठं होतंय.’ त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या.