बदकाची चोच

खेळण्यातलं बदक तपासणीत पास झालं होतं आणि त्यामुळेच तराजूमावशीचं डोकं फिरलं होतं. वीस वर्षं प्रयोगशाळेत नमुने तोलतेय, म्हणून तिला हे नाव पडलेलं.

तिने काचेची कुपी साहेबांच्या टेबलावर आदळली. "अंगाचे नऊ तुकडे आणि चोचीचा एक, सगळे एकाच कुपीत? कोणी सांगितलं?"

"मी. बदक एकच आहे ना, मावशी? मग कुपीही एकच. वेळ वाचतो."

प्लास्टिक मऊ व्हावं म्हणून त्यात एक तेलकट रसायन घालतात. ते प्लास्टिकमध्ये नीट बांधलेलं नसतं. बाळाने चघळलं की लाळेबरोबर थेट पोटात. म्हणून नियम असा, की हजार भागांत ते एका भागाहून जास्त नको. बदकाचं अंग कडक, त्यात ते नव्हतंच. मऊ होती ती चोच. मावशीने सकाळी एकटी चोच तपासली, तर हजारात सहा भाग निघाले. पण बाकीच्या नऊ तुकड्यांत मिसळल्यावर तेच एकाच्या खाली उतरले.

"बाळ चघळणार ती चोच," मावशी म्हणाली. "अख्खं बदक गिळणारं बाळ आणा, लगेच सही करते."

"कंपनीचा माणूस बाहेर ताटकळलाय. माल बंदरात उभा आहे. उगाच ताणू नका."

मावशीने अहवाल पुढे ओढला. 'पास' वर काट मारली, खाली दोन ओळी लिहिल्या: अंग पास, चोच नापास. सही ठोकली.

साहेबांचा चेहरा उतरला. "अहो, असं बघायला गेलं तर वर्षभर आपण सगळ्याच खेळण्यांचे मऊ-कडक तुकडे एकाच कुपीत घालतोय!"

मावशी जागच्या जागी थिजली. "सगळी? आणि खाली माझ्या सह्या?"

"तुम्ही वजनं बरोबर केलीत. तुमचं काय चुकलं?"

"कुपीत काय आहे ते न विचारता तोललं, हे चुकलं!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचा माणूस दारात आला. "काय हो, आमचं प्रमाणपत्र?"

"हे घ्या. नापास." अहवाल त्याच्या हातात कोंबून ती तरातरा कोठीत गेली. तपासलेल्या प्रत्येक खेळण्याचा एक जादा नग तिथे राखून ठेवलेला असे. मागून साहेब हाका मारत राहिले. तिने पहिलं खोकं फोडलं, बाहुली काढली आणि तिचे मऊ हात वेगळे कापायला घेतले.