पाळतीचा मान

बेलापूरच्या 'सागरछाया' सोसायटीसमोरच्या कठड्यावर एक माणूस येऊन बसू लागला आणि जयप्रकाश टिपणिसांच्या आयुष्याला अर्थ आला.

माणूस साध्या कपड्यांत होता, पण पायात पोलिसी तपकिरी बूट. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना वर्ष उलटलं होतं. स्फोटांचा माल रायगडच्या किनाऱ्यावर उतरला होता, त्यामुळे खाडीच्या या बाजूवर सरकारचं लक्ष जरा जास्तच होतं. टाडा कायदा जोरात होता. एकदा त्यात नाव गेलं की जामिनाची गोष्ट काढायची नाही. या कायद्याविरुद्ध सोसायटीत आवाज उठवणारी संघटना एकच, नागरी हक्क समिती. तिचे संस्थापक, अध्यक्ष आणि पत्रकं वाटणारे जयप्रकाशच. तेव्हा कठड्यावरचा माणूस कुणासाठी आलाय, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"माझं पत्रक वाचतोय बघ," ते गॅलरीतून बायकोला म्हणाले.

सुनीतीने वाटाणे सोलता सोलता मान वर केली. "पुडीत दाणे उरलेत का बघतोय तो."

जयप्रकाश अटकेची वाट आजकालच बघत होते असं नाही. आणीबाणीत ते कॉलेजात होते. घोषणा दिल्या, भिंती रंगवल्या, आणि दात घासायच्या ब्रशसकट पिशवी भरून ठेवली. पोलीस आले आणि त्यांच्या खोलीतल्या प्रसादला घेऊन गेले. प्रसादने जन्मात एक घोषणा दिली नव्हती, तो फक्त रंगाची बादली धरून उभा असायचा. आता प्रसाद सभांमध्ये मधल्या खुर्चीवर बसतो आणि तुरुंगातल्या आमटीवर बोलतो. ती आमटी न खाताच जयप्रकाशांना इतकी वर्षं जळजळत होती.

म्हणून कठड्याजवळून जाताना ते चाल मंद करू लागले. पिशवीतून पत्रकं अर्धी बाहेर डोकावतील असं बघू लागले. 'दडपशाही' हा शब्द गॅलरीत आला की तोंड रस्त्याकडे होई.

शेवटी एकदा चहाच्या टपरीवर तो माणूस आपणहून जवळ आला.

"नमस्कार सायेब. मी सयाजी, चौकीवर हवालदार हाय. जरा इचारायचं व्हतं."

"विचारा की," जयप्रकाश म्हणाले. मनातली पिशवी भरलेलीच होती.

"ते तुमच्या वरच्या मजल्यावरचे रशीद उंड्रे. दर शनिवारी गावाला, श्रीवर्धनला का जातात वो?"

जयप्रकाशांना चहा कडू लागला. रशीद उंड्रे. पनवेलला होड्यांचे दोर आणि जाळी विकणारा माणूस. ना कुठल्या निषेधावर सही, ना कधी मोर्चात पाऊल. त्याच्यासाठी सरकारने एक अख्खा हवालदार बसवला होता, तोही रोज. रशीदला हा मान निव्वळ नावामुळे आणि गावामुळे मिळतोय, हे जयप्रकाशांना कळत होतं. समितीच्या पत्रकात तसा एक परिच्छेदही होता. पण मत्सर परिच्छेद वाचत नाही.

"उंड्रे?" ते म्हणाले. "तो माझाच माणूस. समितीच्या सभेला येतो. त्याच्या डोक्यात जे काही असेल ना, ते इथून गेलंय." त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं.

सयाजीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "समिती? कसली?"

जयप्रकाशांनी सांगितलं. पुरेसं सांगितलं, मग थोडं जास्त सांगितलं. राज्यभर शाखा असल्याचंही बोलता बोलता निघून गेलं. त्या दिवशी त्यांना सडकून भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. जयप्रकाश इस्त्रीचा खादीचा झब्बा घालून दारात तयार होते. बूट त्यांच्या दारावरून वर गेले. खाली आले तेव्हा त्यांच्या मधोमध रशीद होता. त्याने रोजच्यासारखी मान हलवली, "येतो" म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

मागोमाग त्याची बायको खैरुन्निसा धावत आली. "जयप्रकाशभाई, तुमी कायद्याचं बोलता ना नेहमी? ते सारखं विचारत होते, समितीत काय काम करतो म्हणून. कुठली समिती ओ? हे शनिवारी सासूबाईंची औषधं घेऊन जातात, बाकी काय नाय. टाडा लावला तर कधी सुटतील?"

सुनीती नवऱ्याकडे बघत होती. "तुम्ही काय बोललात त्या हवालदाराशी?"

"थोडंसं."

"किती थोडंसं?"

जयप्रकाशांनी चपला घातल्या.

चौकीवरचे साहेब थकलेले आणि सभ्य होते. जयप्रकाशांनी सभास्वातंत्र्यापासून सुरुवात केली. साहेबांनी ऐकून घेतलं.

"माल उतरला तेव्हा तुमचं संविधान कुठं होतं, टिपणीस?"

"जागेवरच होतं. पहारा नव्हता."

"म्हणून आता पहारा ठेवतोय, तर तुम्हाला तोही नको." साहेबांनी डोळे चोळले. "हे बघा, या माणसाचे दोर तपासले, जाळी तपासली, म्हातारीची औषधंसुद्धा तपासली. आज पाळत उठवणार होतो. तेवढ्यात तुमची समिती निघाली. राज्यभर शाखा, आणि हा तिचा माणूस. हे वर गेलं की टाडा. मग माझ्याही हातात काही राहत नाही."

"सभा घेणं हा हक्क आहे."

"हक्काबद्दल कोण बोलतंय? तुमच्यापासून धोका आहे का, एवढंच सांगा. आहे म्हणालात तर तो आत. नाही म्हणालात तर जबाब लिहून घेतो."

आतल्या बाकावर रशीद बसला होता. दाराच्या फटीतून त्याचा एक गुडघा दिसत होता, आणि तो एकसारखा हलत होता. जयप्रकाशांनी त्या गुडघ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या खुर्चीची वाट पाहिली ती खुर्ची समोर होती, प्रश्न विचारणारे साहेब होते, लिहून घेणारा हवालदार होता.

"धोका नाही," ते म्हणाले.

"नीट सांगा. शाखा किती?"

"एकच. आमचा हॉल."

"सभेला माणसं?"

"दोन. त्यात एक मी."

"आणि दुसरं?"

"मंडळी. चहा करायला कुणीतरी लागतं."

"ठराव वगैरे?"

"सगळे एकमताने होतात."

लिहिता लिहिता सयाजी म्हणाला, "सायेब, पत्रकं मातूर चांगली हायत. जाड कागद. दानेवाला त्येच्याच पुड्या बांधतो."

"हे लिहू नका," जयप्रकाश म्हणाले.

"लिहा," साहेब म्हणाले. "आणि उंड्रे किती सभांना आला?"

"एकदा. सोसायटीची मीटिंग समजून. पाण्याच्या टाकीची तक्रार होती. मी अर्धा तास घटनेवर बोललो, तेवढा वेळ तो बसला. मग उठून गेला."

साहेबांनी शेवटी एक शब्द सांगितला, 'निरुपद्रवी'. जयप्रकाशांनी खाली सही केली. जबाब अर्ध्या पानात आटोपला. शेजारी रशीदची फाइल होती. ती दोरीने बांधावी लागली होती.

रशीदला सोडलं, पण दर सोमवारी चौकीवर हजेरी लावायची, हुकूम येईपर्यंत. दोघे चालत निघाले.

"माझं नाव का घेतलंत?" रशीदने विचारलं.

"मला वाटलं होतं, तो माझ्यासाठी बसलाय."

रशीदने त्यांच्याकडे पाहिलं. हसावं की काय करावं, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. "घेऊन जा ना, टिपणीससाहेब. कठडा घ्या, सोमवार घ्या, फाइल घ्या. माझ्या पोरीच्या निकाहपर्यंत ती मागे येणार आहे. तुमाला पायजे तर आत्ता देतो. फुकट."

पुढच्या सोमवारी जयप्रकाश त्याच्याबरोबर चौकीवर गेले. त्याच्या पुढच्या सोमवारीही. ही समितीची भूमिका आहे, असं ते सुनीतीला सांगत. ती म्हणे, "जा. दोनाची तीन माणसं झाली."

एका सोमवारी सयाजी चहा घेऊन आला. "घ्या रशीदभाई, बिनसाखरेचा. आईचं पायाचं दुखनं कसं हाय? आनि धाकटीचा ताप उतरला का?" त्याला सगळं ठाऊक होतं. नंतर त्याने बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

"आनि तुमी कोन म्हनालात?"

जयप्रकाशांना पुन्हा ती जुनी जळजळ झाली. तिची लाजही वाटली, पण लाजेने ती कमी झाली नाही. रशीदने आपला ग्लास बाकावरून त्यांच्याकडे सरकवला.

"माझ्याबरोबर आहेत," तो म्हणाला.

सयाजीने रशीदच्या फाइलची दोरी सोडली आणि तेवढं लिहून घेतलं.