उजेडापुरती

"अजून अर्धं पाऊल मागे," तो म्हणाला.

ती अर्धं पाऊल मागे सरली.

"आता हनुवटी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं, तोवर तिने हनुवटी बोटभर उजवीकडे नेली होती. पुढचं सांगावं लागलं नाही. वीस वर्षांत दोघांमधली निम्मी वाक्यं अशीच अर्ध्यावर थांबायची आणि तरी काम पुरं व्हायचं.

सकाळचे आठ वाजले होते. पोहण्याचा तलाव कोरडा होता. तळाच्या निळ्या फरश्या जागोजाग उखडलेल्या, खोल बाजूच्या कोपऱ्यात वाऱ्याने लोटलेला पाचोळा. उथळ बाजूच्या पायऱ्यांवर ऊन तिरपं उतरलं होतं आणि ते जेमतेम तीन तास टिकणार होतं. तेवढ्यात एका मुलीला आठ स्वेटर घालून तिचे फोटो काढायचे होते. भर उन्हाळ्यात लोकरीचे कपडे. या धंद्यात ऋतू सहा महिने आधीच येतात. ती मुलगी तलावाशेजारच्या कपडे बदलायच्या खोलीत तोंड रंगवून घेत बसली होती, आणि तिच्या जागेवर, तिसऱ्या पायरीवर, फोटोवाल्याची बायको उभी होती. उजेडापुरती.

हे तिचं काम. मॉडेलला उन्हात ताटकळत ठेवता येत नाही, म्हणून तिच्याआधी कुणीतरी तिथे उभं राहायचं, चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते बघायचं, सावली कुठे जाते ते बघायचं. सुरुवातीला माणूस ठेवायची ऐपत नव्हती म्हणून ती उभी राहिली. पुढे ऐपत आली तेव्हा दुसरं कुणी त्याला चालेना. पाच जणांच्या बँडचा फोटो असला की ती एकटी पाची जागांवर आळीपाळीने उभी राहायची. ड्रमवाल्याच्या जागी बसून हातात नसलेल्या काठ्या धरायची. त्या बँडवाल्यांनीच त्याला मास्तर हे नाव पाडलं, कारण गिटार गळ्यात अडकवलेल्या त्या दांडग्या पोरांना तो शाळेतल्यासारखं उंचीप्रमाणे ओळीत लावायचा. एकदा एका कारखान्याच्या मालकाचा निवृत्तीचा फोटो होता. मालक आपल्या खोलीत शिरले तर त्यांच्या खुर्चीत ही, हात टेबलावर टेकवून, चेहऱ्यावर मालकांचाच रुबाब. मालक दारातच थबकले आणि म्हणाले, "बाई, मी परत जाऊ का?" पुढे कित्येक वर्षं हा किस्सा ती हसत हसत सांगायची.

त्या चाचणीच्या फोटोंना दोघं ट्रायल म्हणायची. ट्रायल कधी ठेवायचे नाहीत, असा त्याचा नियम. त्यालाही कारण घडलं होतं. एका कपडेवाल्याने मशीनच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या, पडद्यावर फोटो मागे मागे नेत पाहिले आणि विचारलं, ही कोण बाई, हिलाही घेतलंय का आपल्या जाहिरातीत? सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवसापासून गिऱ्हाईक यायच्या आत तो कार्ड पुसून कोरं करायला लागला. वीस वर्षांत ती हजारो वेळा त्याच्या भिंगापुढे उभी राहिली आणि हजारो वेळा पुसली गेली. नातेवाइकांच्या लग्नात कुणी मोबाइलवर काढलेले, गर्दीत डोळे मिटलेले असे तिचे फोटो होते. त्याच्या हातचा एकही नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी कागदावर पेनाने जबडा काढून दाखवला आणि त्यावर एक तिरकी रेघ मारली. इथपासून इथपर्यंत हाड काढावं लागेल, पायातलं हाड घेऊन तिथे बसवू, जीव वाचेल. पण चेहरा पूर्वीसारखा राहणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. त्या रात्री तिने नवऱ्याला पहिल्यांदा म्हटलं होतं, माझा एक फोटो काढा. त्याने हो म्हटलं. मग रविवारी आभाळ होतं. पुढच्या आठवड्यात खिडकीतला उजेड पिवळा पडत होता. नंतर एका बँडचं काम आलं, बाहेरगावी जावं लागलं. कारणं काय, हवी तेवढी मिळतात. खरं एवढंच होतं की तो फोटो काढला म्हणजे पुढचं सगळं कबूल केल्यासारखं होणार होतं, आणि त्याचा हात त्यासाठी धजत नव्हता. तिला हे कळत होतं. ती पुन्हा बोलली नाही.

आता उद्या भरती व्हायचं होतं आणि परवा शस्त्रक्रिया. तू आज घरीच थांब, असं त्याने चार वेळा सांगितलं. ती गाडीत आधी जाऊन बसली.

"झाला उजेड?" पायरीवरून तिने विचारलं.

"झाला."

"मग आता माझा काढा. स्वेटर कंपनीच्या लोकांना यायला अजून वेळ आहे. सकाळी गाल बरा असतो, दुपारनंतर फुगतो."

त्याने मान डोलावली. हात नेहमीसारखे चालले. ती मात्र गडबडली. ट्रायलला कसं उभं राहायचं ते तिला पाठ होतं: नजर भिंगाच्या थोडी वर, चेहरा कोरा, स्वतःचं असं काहीच नाही. आता तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. तिने रुमालाने कपाळ पुसलं, केस कानामागे घेतले, पुन्हा पुढे आणले.

"इकडे बघ," तो म्हणाला. "मशीनकडे नको. माझ्याकडे."

"मशीनच्या मागे तुमचं तोंड दिसतं कुठे? वीस वर्षं टाळूच बघतेय मी."

तो हसला, तीही हसली आणि हसू विझता विझता तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. त्याने तीन फोटो काढले. पहिले दोन नुसते बरे होते. तिसऱ्यात ती होती. रागावलेली नाही, बिचारी नाही, हसत नाही. घरातली सगळी कामं उरकून दारात येऊन उभी राहिल्यावर जशी दिसायची तशी. डावा गाल उजेडात होता आणि तिने तो लपवला नव्हता. इतक्या जणांचे फोटो काढले, गाणारे, वाजवणारे, दिसायला देखण्या पोरी. असा चेहरा आपल्या भिंगात कधी आला नव्हता, असं त्याला वाटलं. "चांगला आलाय," एवढंच म्हणाला. संध्याकाळी घरी मोठ्या पडद्यावर दाखवतो, म्हणाला. ती बरं म्हणाली आणि उजेड परतवायचा चंदेरी रिफ्लेक्टर उचलून आपल्या नेहमीच्या जागी, पायऱ्यांच्या डावीकडे जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली. कंपनीच्या बाई वेळेआधीच आल्या होत्या, सोबत दोघे जण, स्वेटरांच्या पिशव्या. येता येता बाईंनी लांबूनच विचारलं की उजेड कसा येतोय, दाखवा बघू. मुलगीही खोलीतून बाहेर आली. स्वेटर पाठीमागून चिमट्यांनी आवळलेला, समोरून अंगाबरोबर. कुणीतरी चहा मागत होतं. फोटोवाला एकाला मान डोलावत होता, दुसऱ्याला पायरी दाखवत होता, आणि या सगळ्यात त्याच्या अंगठ्याने, विचारल्या-सांगितल्याशिवाय, रोजचं काम केलं. मशीनने विचारलं, सगळं पुसायचं का? अंगठ्याने हो म्हटलं. मग त्याने पडद्याच्या काचेवर फुंकर मारली, शर्टाच्या टोकाने ती पुसली आणि मशीन बाईंच्या पुढे धरत म्हणाला, "अजून सुरुवात व्हायचीय."

काम झकास झालं. मुलगी चलाख होती, घामाने निथळत असूनही थंडीने शहारल्यासारखं करायची. बाई खूश होत्या. आठ स्वेटर, सहाशेच्या वर फोटो. बायको रिफ्लेक्टर धरून उन्हामागे इंच इंच सरकत राहिली. दहाच्या सुमारास तिचा गाल ताठ व्हायला लागला, तेव्हा तिने रिफ्लेक्टर उजव्या हातात घेतला आणि डावा तळहात जबड्याला लावला. मुलीने तिला विचारलं, "काकू, दाढ दुखतेय का?" ती म्हणाली, हो गं, दाढच.

जेवणाच्या वेळी सगळे सावलीला बसले. फोटोवाला एकटाच पायरीवर मशीन घेऊन बसला. ती घास चावू शकत नव्हती, बाटलीतलं पातळ काहीतरी हळूहळू पीत होती. तिला तो तिसरा फोटो आताच दाखवावा, असं त्याच्या मनात आलं. त्याने बटण दाबत दाबत मागे जायला सुरुवात केली. निळा स्वेटर, पिवळा, करडा, पहिला लाल. लाल स्वेटरच्या पहिल्या फोटोच्या मागे गेला, तर एकदम शेवटचा फोटो आला. पुन्हा मागे गेला. पुन्हा शेवटचा. तेव्हा त्याला आपला अंगठा आठवला.

त्याने जेवायला नको म्हटलं. उन्हाने डोकं चढलंय, असं सांगितलं. घरी परतताना ती गाडीत डोळे मिटून बसली होती आणि त्याला वाटत होतं, तिने विचारावं. आणि वाटत होतं, विचारू नये. तिने विचारलं नाही. घरी आल्या आल्या त्याने कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्रॅम त्याच्याकडे होता, पण ज्यावर सहाशे फोटो पुन्हा लिहिले गेलेत तिथे तो तरी काय करणार? दोन तास खटपट करून एका फोटोची खालची पट्टी निघाली. निळी फरशी आणि तिच्या चपलांची टोकं. बाकी सगळं राखाडी.

तो बाहेर आला तेव्हा ती दवाखान्याची पिशवी भरत होती. गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. घरीच अजून एक काढू या का, असं त्याने उगीचच विचारलं. ती म्हणाली, आता? आणि पिशवीत टॉवेल ठेवला. मशीनची बॅग सोबत घेऊ का, असंही विचारलं. ती म्हणाली, तिथे कशाला ते लोढणं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातलं सगळं सुरळीत झालं. रक्त दिलं, कागदांवर सह्या झाल्या, तिला खाट मिळाली. मग एका लांबलचक व्हरांड्यात बाकावर दोघं बसून राहिली. शेवटी एकदा फोटोंसाठी बोलावतील, असं कुणीतरी सांगून गेलं होतं. शस्त्रक्रियेआधीचा चेहरा डॉक्टरांना कागदोपत्री लागतो. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचना होत्या. त्या त्याने तीनदा वाचल्या.

"कालचा तुझा फोटो," तो म्हणाला. "माझ्या हातून..."

"माहितीये मला," ती म्हणाली. आता तिला नीट बोलता येत नव्हतं, शब्द एका बाजूने निघत होते. "पुसून झालं की तुम्ही काचेवर फुंकर मारता. मी दहा पावलांवर उभी होते."

तो बाकावर तिच्याकडे वळला. "मग तेव्हाच बोलली का नाहीस? तेव्हाच थांबलो असतो तर परत आणता आला असता. आणि नाहीच आला तर दुसरा काढला असता."

"ती माणसं खोळंबली होती. तुम्ही त्यांच्यादेखत ओशाळला असता." तिने जबडा सावरला. "आणि दुसरा म्हणजे घाईतला. तो मला नको होता."

त्याने खिशातून मोबाइल काढला. आताही उजेड बरा आहे, त्या खिडकीशी, असं तो म्हणायला लागला. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"आता नको. काल त्या पायरीवर मी घाबरले नव्हते. आता घाबरलेय."

तो मोबाइल हातात धरून बसून राहिला. इतक्या वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं की ती घाबरते. तिने आपला हात उचलला नाही.

थोड्या वेळाने एक नर्स आली. तिच्या गळ्यात छोटा कॅमेरा लटकत होता, हातात नंबराची चिठ्ठी. काकू, चला, म्हणाली. तो उठला तेव्हा नर्सने सांगितलं की नातेवाइकांनी बाहेरच थांबायचं. दार लागलं. आतून नर्सचा आवाज येत होता. समोर बघा. हं. आता या बाजूला. आता त्या. मग काहीतरी बोलणं.

नर्स बाहेर आली ती कॅमेरा पुढे करतच. "काका, तुम्ही फोटोग्राफर आहात म्हणे. काकू म्हणाल्या, एकदा त्यांना दाखवून घ्या. बाकीच्यांना चार-चारदा सांगावं लागतं हो, यांना एका शब्दात कळलं."

त्याने कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. पांढरी भिंत, छातीशी धरलेला नंबर, वरच्या दिव्याने डोळ्यांखाली पडलेले खड्डे. समोरून एक, उजवीकडून एक. सुजलेला, घाबरलेला चेहरा, आणि तरी नजर सरळ भिंगात. हे फोटो कागदांबरोबर इथेच राहणार होते. ते त्याला ठाऊक होतं. तो डावीकडच्या फोटोवर आला आणि थांबला. पडदा डोळ्यांजवळ नेला.

"हा परत घ्यावा लागेल," तो म्हणाला. "हललाय. जबड्याची कड नीट येत नाही. डॉक्टरांना हीच बाजू लागेल ना?"

नर्सने वाकून पाहिलं. तिला काही फरक दिसला नाही, पण त्याचा चेहरा बघून ती बरं म्हणाली. "काकू, जरा परत उभ्या राहता का?" तिने दारातून विचारलं.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.